पोटगीचा हिशेब आणि बागेची वही

परवा कपाट आवरताना बागेच्या हिशेबाच्या जुन्या वह्या निघाल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट. हे गेल्यापासून आमच्या सामाईक बागेचा हिशेब मीच ठेवते. वाशीला किती पेट्या गेल्या, दलालाची पट्टी किती आली, फवारणीचं औषध, राखणदारांचा पगार, पेंढा, टेम्पोचं भाडं... सगळं तारीखवार. त्यातल्याच एका वहीवरून २०२२ साली आमच्या घरात मोठं भांडण झालं होतं. त्याबद्दल लिहावं की नाही, हा विचार बरेच दिवस चालला होता. शेवटी ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघांनाही विचारलं. दोघंही म्हणाली, लिही, पण नावं नकोत. (गेल्या काही वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेली बहुधा ही एकमेव गोष्ट!)

तर सांगायचं म्हणजे, माझा पुतण्या आणि त्याची बायको वेगळी राहू लागली. का, चूक कोणाची, ते इथे लिहिणार नाही. नातेवाईक हे वाचतात आणि प्रत्येकाचं त्यावर आपापलं मत तयारच आहे. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, ती आईबरोबर गेली. पुतण्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. सूनबाईने माहेरच्या गावी एका ऑफिसात लहानशी नोकरी धरली. प्रकरण कोर्टात गेलं आणि प्रश्न आला, मुलीसाठी बापाने महिन्याला किती द्यायचे?

मला वाटलं होतं की याचं काहीतरी कोष्टक असणार. पगार इतका, मुलं इतकी, तर रक्कम इतकी. आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की पाचवी-सहावीला त्रैराशिकही मीच शिकवायचे. म्हटलं, मांडू की आपण हिशेब. पण मांडायला बसले तेव्हा कळलं, की आपल्याकडे असं कोष्टकच नाही.

कायदे आहेत. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं आहे. हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा दत्तक व पोटगीचा कायदा आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे मुलांना सांभाळणं ही आई आणि बाप दोघांचीही जबाबदारी. पण किती, याचा आकडा यांत कुठेच नाही. एके काळी एक आकडा होता. कलम १२५ च्या मूळ कायद्यात जास्तीत जास्त पाचशे रुपये अशी मर्यादा होती. महागाई कुठच्या कुठे गेली तरी ती कायम होती, केंद्राने ती काढली २००१ साली. त्यानंतर आकडा ठरवणं न्यायाधीशांवर आलं.

मग न्यायाधीश तो कसा ठरवतात? वाचत गेले, वकिलांना विचारत गेले, तसतसं लक्षात आलं की वेगवेगळ्या निकालांत वेगवेगळ्या रीती आहेत. समजा (हे आकडे मी नुसते उदाहरणाला घेतलेत) बापाचं उत्पन्न महिना साठ हजार, आईचं वीस हजार, मूल एक, आणि मुलाचा खर्च पंधरा हजार.

पहिली रीत दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००४ च्या एका निकालातली. कुटुंबाचं सगळं उत्पन्न म्हणजे एक केक समजायचा. कमावणाऱ्या नवऱ्याला दोन वाटे, कारण कमवायलाही खर्च येतो, आणि बाकी प्रत्येकाला एकेक. एकूण ऐंशी हजार, वाटे चार, म्हणजे वाटा वीस हजारांचा. आईचा वाटा तिच्या पगारात भागला. मुलाचे वीस हजार बापाने द्यायचे.

दुसरी रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निकालातली. तिथे आईबाप दोघंही नोकरी करणारे होते. न्यायालयाने आधी मुलाचा खर्च ठरवला, दरमहा तीन हजार, आणि तो बाप दोन भाग, आई एक भाग असा वाटून दिला. त्या हिशेबाने आपल्या उदाहरणातल्या बापाला दहा हजार येतात.

तिसरी, ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या प्रमाणात. साठास वीस म्हणजे तीनास एक. बापाचे अकरा हजार अडीचशे.

विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "मावशी, इथे टक्के ठरलेले आहेत." एका मुलाला वेगळं राहणाऱ्या पालकाच्या एकूण उत्पन्नाच्या सतरा टक्के, दोन मुलांना पंचवीस, तीन असतील तर एकोणतीस. म्हणजे आपल्या उदाहरणात दहा हजार दोनशे. ब्रिटनमध्ये साधारण उत्पन्नाच्या माणसाला एका मुलासाठी बारा टक्के, दोघांसाठी सोळा, तीन किंवा अधिक असतील तर एकोणीस. म्हणजे सात हजार दोनशे. शिवाय तिथे मूल वर्षातल्या किती रात्री कोणाकडे झोपतं तेही मोजतात. बावन्न रात्री झाल्या की रकमेतला सातवा भाग कमी.

बघा मंडळी, घर तेच, मूल तेच, आणि उत्तरं सात हजारांपासून वीस हजारांपर्यंत! माझ्या वर्गात एका गणिताची अशी पाच उत्तरं आली असती तर मी म्हटलं असतं, गणितच नीट मांडलेलं नाही.

(एक गैरसमज जाता जाता. "पगाराच्या पंचवीस टक्के" असं जे सगळीकडे ऐकू येतं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या एका निकालावरून. ते पत्नीच्या पोटगीबद्दल आहे, मुलाच्या नव्हे.)

आता आपल्या महाराष्ट्रातला एक खटला सांगते, कारण आज देशभर पोटगी ठरवताना त्याचाच आधार घेतात. रजनेश विरुद्ध नेहा. मूळ प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातलं. बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, आईने सासर सोडलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अर्ज केला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आदेश झाला: आईला दरमहा पंधरा हजार, मुलाला पहिली दोन वर्षं पाच हजार आणि १ सप्टेंबर २०१५ पासून दहा हजार. वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथून दिल्लीला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२०. तोवर ते बाळ शाळेत जाऊ लागलं असणार. आणि ही सगळी भांडाभांडी होती ती अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या पोटगीची!

न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी त्या निकालात संबंध देशासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथपत्रावर उघड करायचं. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकालात काढायचा प्रयत्न करायचा. मुलाच्या खर्चात अन्न, कपडे, राहणं, औषधपाणी, शिक्षण तर धरायचंच, पण माफक असेल तर क्लासची फीसुद्धा धरायची. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करावा, आई पुरेशी कमावती असेल तर दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा.

त्या निकालाला शपथपत्राचे नमुने जोडलेले आहेत. त्यातला एक शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी. माझ्या गोष्टीत आता इथे बागेची वही येते.

पुतण्याच्या पगाराची स्लिप होती. तिच्यात लपण्यासारखं काही नसतं. पण आमची कलमं? सात-बारावर पाच नावं. उत्पन्न शेतीचं, त्यावर आयकर नाही, आणि पट्टी येते ती माझ्याकडे. कोणीतरी त्याला सल्ला दिला की बागेचं कशाला काढतोस, कोण विचारतंय? तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुझी वही कोणाला दाखवू नकोस हं."

खरं सांगते, मी "बरं" म्हटलं. रक्ताचं नातं, दुसरं काय! वर मनाशी समर्थनही तयार केलं. आंब्याचा काय भरवसा? एक वर्ष येतो, एक वर्ष दडी मारतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने ऐन हंगामात झाडाखाली सडा पडला होता. अशा उत्पन्नाचा कसला हिशेब द्यायचा?

पुढच्या मे महिन्यात मुलगी पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली. बापाने तिला नवी सायकल घेतली होती, नऊ हजारांची. पोर हरखून गेली होती. संध्याकाळी ओटीवर बसून गप्पा मारताना मी विचारलं, शाळेची सहल कुठे गेली होती गं यंदा? म्हणाली, "मी नाही गेले आजी. आई म्हणाली पुढच्या वर्षी जा. आई सारखी नाहीच म्हणते. बाबा बघ, लगेच सायकल आणतात."

ती आत गेली तरी मी बराच वेळ ओटीवरच बसून होते. सायकल आणणारा बाप चांगला आणि सहलीला नाही म्हणणारी आई वाईट! आणि सहलीचे पैसे का नव्हते, याचं उत्तर माझ्या कपाटातल्या वहीत होतं.

मला माझ्या नोकरीची पहिली वर्षं आठवली. तेव्हा कोकण मनीऑर्डरवर चालायचं. बाप मुंबईत गिरणीत, आई आणि पोरं गावात. कोणाची मनीऑर्डर आली आणि कोणाची नाही, हे पोस्टमनच्या खालोखाल आम्हा शिक्षकांना कळायचं, कारण त्यावरच मुलांची फी आणि वह्या अवलंबून. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी घरांतल्या मनीऑर्डरी एकदम आटल्या. ते दुःख सगळ्या गावाचं होतं, त्यामुळे त्यात लाज नव्हती. पण त्याआधीही काही घरांतल्या मनीऑर्डरी बंद पडलेल्या असत. तिकडे मुंबईला बापाने दुसरं घर केलेलं असे. असा एक मुलगा माझ्या वर्गात होता. दर महिन्याला उभा राहून सांगायचा, "बाई, बाबांची मनीऑर्डर आली नाही." एकदा मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "मग वडिलांना पत्र लिही." मुलं हसली. त्यानंतर त्याने कधी काही सांगितलं नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तो शाळेतच आला नाही. मला खरी गोष्ट नंतर कळली. आज तो कुठे असेल कोण जाणे! त्याच्या आईने कधी कोर्ट पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिला बापाचा पगार सिद्ध करता आला असता का?

म्हणून माझं मत असं झालं, की मुलाच्या पोटगीत टक्के किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, वही उघडी आहे का? आकडे खरे असतील तर वरच्या कुठल्याही रीतीने काढलेलं उत्तर एक वेळ चालेल. आकडेच खोटे असतील तर जगातलं सर्वांत चांगलं सूत्रही त्या मुलाला फसवणारच.

दुसऱ्या दिवशी पुतण्याला बोलावलं आणि सांगितलं, "मी वही देणार आहे. तूच वकिलांकडे घेऊन जा. तू नाही नेलीस तर मी नेईन." पाच वर्षांचा खर्च वजा जाऊन राहिलेला पैसा मांडला, त्यात तौक्त्याचं वर्षही धरलं, सरासरी काढली. त्याच्या वाट्याला महिन्याला साधारण अकरा हजार पडत होते. आंब्याचा भरवसा नाही म्हणूनच तर सरासरी काढायची! हे मी सहावीच्या मुलांना शिकवलं होतं, आणि स्वतःच्या घरात विसरले होते.

तो खूप चिडला. "काकू, तू माझी की तिची?" मी म्हटलं, "मी त्या पोरीची." त्या वर्षी गणपतीला तो आला, आरतीला उभा राहिला, पण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. जाऊबाईही बरेच दिवस फुगून होत्या. कोकणात गणपतीला अबोला म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर पुतण्या म्हणेल की काकूने पुन्हा एकतर्फी निकाल दिला. नोकरी गेलेले, खरोखर कर्जात बुडालेले बाप मी पाहिले आहेत. वेळच्या वेळी पैसे पाठवूनही महिनोन्महिने मुलाचं तोंड न दिसलेले बापही पाहिले आहेत. खर्च फुगवून सांगणाऱ्या आणि स्वतःची कमाई लपवणाऱ्या आयाही आहेत. म्हणून तर शपथपत्र दोघांनाही सांगितलंय. पण मुलाला भेटू देत नाही म्हणून पैसे नाहीत, किंवा पैसे नाहीत म्हणून भेट नाही, हा सौदा कोणीच करू नये. भेटीसाठी कोर्टात वेगळा अर्ज करता येतो. मूल म्हणजे काही नाटकाचं तिकीट नव्हे.

मला विचाराल तर हिशेब असा असावा. सुरुवात बापाच्या पगारापासून न करता मुलाच्या खर्चापासून करावी. आईने सहा महिने साधी वही ठेवावी: दूध, भाजीतला वाटा, रिक्षा, औषध, फी. मग दोघांच्या खऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात तो खर्च वाटावा. ज्याच्याजवळ मूल राहतं त्याचे तास मात्र विसरू नयेत. ताप आला की रात्र जागते ती, शाळेच्या सभेसाठी अर्धी रजा टाकते ती. ब्रिटनवाले रात्री मोजतात, त्यात शहाणपण आहे.

दुसरं, जून महिना वेगळा धरावा. गणवेश, वह्या, दप्तर, छत्री, रेनकोट, पहिल्या सत्राची फी, सगळं एकदम येतं. दरमहाच्या सरासरीत जून बसत नाही, हे शाळेत नोकरी केलेल्या कोणीही सांगेल.

तिसरं, रक्कम दरवर्षी आपोआप वाढावी. आज ठरलेले दहा हजार, महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर, दहा वर्षांनी जवळजवळ अठरा हजार व्हायला हवेत. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये एका प्रकरणात पत्नीच्या पोटगीत दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ आधीच घालून दिली. मग मुलांसाठी का नको? बायको एक वेळ तेवढ्यात भागवेल, मूल मात्र वाढायचं थांबत नाही.

आणि कोष्टक हवंच. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात मुलांच्या खर्चासाठी वेगळी तरतूद सुचवली होती. रक्कम अठरा वर्षांपर्यंत, आणि गरज असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत देता यावी, असंही त्यात होतं. ते मला फार पटलं. कारण अठरावं वर्ष लागतं ते बारावीच्या आसपास. म्हणजे कॉलेजचा मोठा खर्च सुरू व्हायचा, आणि नेमका तेव्हाच मुलाचा हक्क डळमळीत व्हायचा! मुलींच्या बाबतीत १९५६ च्या कायद्याने लग्नापर्यंत थोडा आधार आहे, मुलांना तोही नाही. अहवालातली ती शिफारस अजून कायद्यात उतरलेली नाही.

आमच्याकडे शेवटी दोघांनी वकिलांसमोर बसून ठरवलं. पगार अधिक बागेची सरासरी धरून रक्कम, दरवर्षी पाच टक्के वाढ, जूनचा खर्च वेगळा, पैसे पाच तारखेच्या आत मुलीच्या नावाच्या खात्यात. पुतण्या दीडेक वर्ष माझ्याशी तुटक वागला. आता हंगाम संपला की स्वतःच फोन करतो, "काकू, यंदाची सरासरी किती आली?" सुरात अजून थोडा राग असतो. असू दे.

मुलगी यंदाही मे महिन्यात आली होती. सायकल आता तिला लहान होते. शाळेच्या सहलीचे फोटो दाखवत होती. तिला या वहीबद्दल काही माहीत नाही, आणि कळायची गरजही नाही.

असो. लिहिण्याच्या भरात बरंच लांबलं. तुमच्या घरात, शेजारात असा प्रसंग आला असेल आणि तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा. मात्र कोणाची बाजू बरोबर ते सांगण्याआधी तुमच्या कपाटातली वही एकदा उघडून बघा.